दोन मिनिटं आले, पण डोक्यातून गेलेच नाहीत: सिनेमातल्या छोट्या भूमिका

काटोलकर
वीरा साथीदार २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेले. तेव्हापासून त्यांचा 'कोर्ट' सिनेमा पुन्हा लावायची हिंमत होत नव्हती. आपल्या नागपुरातला, चळवळीतला माणूस पडद्यावर आरोपी शाहीर नारायण कांबळे होऊन उभा राहतो आणि प्रत्यक्षात तो आता नाही, हे पाहवलं नसतं. परवा रात्री शेवटी लावलाच. या खेपेला मला धरून ठेवलं ते मात्र एका बाईनं.

गटारात उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते, तो प्रसंग. नवरा खाली उतरायच्या आधी आत खडा टाकून बघायचा, झुरळ बाहेर आलं तर उतरायला हरकत नाही असं समजायचा, हे ती सांगते. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. रेशनच्या दुकानात घरातली माणसं मोजून सांगावीत, तसं सांगते. उषा बाने त्यांचं नाव. त्या व्यावसायिक नटी नव्हेत. त्यांच्या स्वतःच्या घरातही नवऱ्याचं काम हेच होतं. सगळा खटला ज्या मरणावरून उभा आहे, त्या मरणाचं वजन त्या एकट्या बाईनं काही मिनिटांत उचललंय. तरी 'कोर्ट'वर बोलताना त्यांचं नाव कुणी घेत नाही.

तर तुमच्या डोक्यात राहिलेली अशी माणसं सांगा. अट एकच, सिनेमात फार तर दोन-तीन प्रसंग असावेत. ज्यांची वाक्यं लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतात, ते नकोत. म्हणजे सांभा, कालिया, सरपोतदार बाजूला ठेवू या.

माझं पहिलं नाव: 'दीवार'मधले म्हातारे मास्तर, ए. के. हंगल. भाकरीसाठी चोरी करणाऱ्या पोराचा बाप. का, ते नंतर लिहितो.

तर्रीपोहे
काटोलकर भाऊ, विषय एक नंबर हाय. पण सांभाले काऊन बाहेर काढता? त्या माणसानं अख्खा पिक्चर गोट्यावर बसून काढला. तीन शब्द बोलला अन् पन्नास वर्षं झाली तरी लोकायच्या तोंडात हाय. माह्या मते तो पहिल्या नंबरावर पाहिजे.

काटोलकर
म्हणूनच बाहेर ठेवला ना राजा. ज्याला सगळा देश ओळखतो, तो दुर्लक्षित कसा?

मुठेकाठची
पुण्याहून डोकावतेय. आधी एक स्पष्ट करा. कॅमिओ म्हणजे जुन्या श्रेयनामावलीतला 'पाहुणा कलाकार'. माणूस आधीच प्रसिद्ध असतो आणि क्षणभर येऊन जातो. 'गोलमाल'मध्ये अमिताभ येतो तसा, किंवा 'देऊळ'मध्ये नसीरुद्दीन शहा आले तसे. उषा बाने पाहुण्या नाहीत, ती छोटी भूमिका झाली. दोन्हींची मिसळ केली तर धागा भरकटेल.

काटोलकर
बरोबर आहे तुमचं. पण मला दोन्ही चालतील. पाहुणा असो की घरचा, माणूस थोडा वेळ आला आणि राहिला, एवढंच मला हवंय.

मेघना धरमपेठ
'स्वदेस'. स्टेशनवर पाणी विकणारा मुलगा.

नासात काम करणारा मोहन भार्गव हरिदासच्या घरून परत निघालेला असतो. हरिदासची परवड ऐकून त्याच्या तोंडून शब्द फुटत नसतो. गाडी थांबते आणि खिडकीशी एक पोरगं कुल्हडमधून पाणी विकायला येतं, पंचवीस पैशांना. भारतात आल्यापासून बाटलीचंच पाणी पिणारा माणूस ते पाणी पितो. त्या मुलाला धड एक वाक्यही नाही, तो फक्त ओरडत असतो. पण मोहनचं परत येणं मला त्या खिडकीतच ठरल्यासारखं वाटतं. पुढे नासामध्ये जे होतं, ती नुसती कागदाची पूर्तता.

मी अकरावीत होते. आईबरोबर पाहिला होता. थिएटरमधून बाहेर आल्यावर आईनं बर्डीवर पाण्याची बाटली घ्यायचं टाळलं, "घरी जाऊनच पिऊ" म्हणाली. एवढंच म्हणाली. आजही ती बाहेर निघताना घरून स्टीलची बाटली भरून घेते.

इतवारी
मेघनाताई, हरिदासही याच यादीत घ्या. उघडा दिवा, समोर बसलेला पाहुणा, आणि तो सांगतो की विणकाम सोडून शेती धरली तर गावानं पाणी बंद केलं. त्या घरात पाहुण्याला जेवू घालतात, ते पाहताना माझा घास अडकला होता.

बंद टॉकीज
माझ्याकडून 'मुन्नाभाई एमबीबीएस'मधला पाकीटमार. २००३ मध्ये जानकी टॉकीजमध्ये पाहिला तेव्हा तो पोरगा कोण, हे शेजारच्या खुर्चीवरच्या कुणालाही ठाऊक नसणार. नवाजुद्दीन सिद्दिकी. सुनील दत्तचं पाकीट मारतो, पकडला जातो, गर्दी मारायला धावते आणि ज्याचं पाकीट गेलं तोच त्याला वाचवतो. त्याआधी 'सरफरोश'मध्येही हा माणूस होता, चौकशीच्या एका प्रसंगापुरता. तेव्हाही कुणाच्या लक्षात आला नाही.

त्याच सिनेमातले सुरेंद्र राजन आठवा. दवाखान्यातला फरशी पुसणारा म्हातारा मकसूद. आधी ओल्या फरशीवर पाय ठेवला म्हणून चिडतो, मग मुन्ना येऊन त्याला मिठी मारतो. 'जादू की झप्पी' सगळ्यांच्या तोंडात बसली, पण ती झप्पी घेताना जो चेहरा सैल पडत गेला, तो कुणाचा होता हे कोण सांगतं?

राजकुमार हिरानी आपल्या गावचे म्हणून कौतुक आहेच. वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती नागपुरात. मला नेहमी वाटतं, अशा ठिकाणी वाढलेल्या मुलानं दिवसभर येणारी-जाणारी माणसं पाहिली असणार. नोकरीच्या आशेनं मशीन बडवणारी, फी थकलेली. त्यांच्या सिनेमात शिपाई असो की म्हातारा पेन्शनर, प्रत्येकाला स्वतःचा एक क्षण मिळतो.

तर्रीपोहे
+१. अन् 'थ्री इडियट्स'मधला मशीनवाला प्रोफेसर! अच्युत पोतदार. पण थांबा, त्याचं 'कहना क्या चाहते हो' हे वाक्य तर लग्नात, बारशात, सगळीकडे ऐकू येते. नियमात बसत नाय.

बंद टॉकीज
वाक्य प्रसिद्ध आहे, माणूस नाही. पोतदार आधी सैन्यात होते, मग कितीतरी वर्षं इंडियन ऑइलमध्ये. चाळिशी ओलांडल्यावर सिनेमात आले आणि 'आक्रोश', 'अर्धसत्य'पासून शंभरावर सिनेमांत दिसले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले तेव्हा बहुतेकांनी तेच एक वाक्य पाठवून श्रद्धांजली वाहिली. मला वाईट वाटलं. तुमच्या नियमाप्रमाणे वाक्य बाहेर ठेवा, पोतदारांना आत घ्या.

काटोलकर
घेतले.

सुलभाताई
मी सत्तरी पार केलेली बाई. टंकलेखन हळू आहे, सांभाळून घ्या.

'आनंद'. आम्ही मैत्रिणी मॅटिनीला गेलो होतो. सगळ्यांना राजेश खन्ना आठवतो, अमिताभ आठवतो. मला ललिता पवार आठवतात, मेट्रन डिसा. ज्या बाईला आम्ही जन्मभर खाष्ट सासू म्हणून शिव्या दिल्या, ती इथे रुग्णाला दरडावते आणि दरडावतानाच तिचा जीव तुटतो. मी स्वतः बत्तीस वर्षं परिचारिका होते. सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला रुग्णाशी असंच बोलावं लागतं. गोड बोलत बसलं तर आपणच रडू लागतो. ते त्या बाईंनी कुठून हेरलं असेल, याचं मला आजही नवल वाटतं. आमच्या वॉर्डात नवीन मुली यायच्या, त्यांना मी सांगायची, जा, 'आनंद' बघून या.

आणि जॉनी वॉकर. जन्मभर हसवलेला माणूस त्यात रडवून जातो. दारासिंगही आहेत, आखाड्यात.

मुठेकाठची
सुलभाताई, सुंदर लिहिलंत. हृषिकेश मुखर्जींच्या सिनेमात असे दोन-चार तरी हमखास निघतात. तुमचा प्रतिसाद वाचून मी माझी व्याख्या मागे घेते.

प्रा. वऱ्हाडी
नागपूरकर जमलेत आणि अजून कुणी 'पार्टी'चं नाव काढलं नाही, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

आपल्या नागपूरच्या महेश एलकुंचवारांचं नाटक, गोविंद निहलानींचा १९८४ चा सिनेमा. दमयंती राणेंच्या बंगल्यावर लेखक बर्वेंच्या सत्काराची मेजवानी आहे. विजया मेहता, मनोहर सिंग, रोहिणी हट्टंगडी, ओम पुरी, अमरीश पुरी, शफी इनामदार, एकापेक्षा एक. सगळे खातात, पितात, कलेवर बोलतात. आणि पुन्हा पुन्हा विषय निघतो तो तिथे नसलेल्या एकाचा. अमृत हा कवी. लिहिणं आणि शहर सोडून आदिवासींमध्ये काम करायला गेलेला. कुणी त्याला थोर म्हणतं, कुणी पळपुटा. प्रत्येक जण अमृतबद्दल बोलताना आपलंच पितळ उघडं करतो.

हा अमृत शेवटी दिसतो. अगदी क्षणभर. रक्तानं माखलेला, बोलू न शकणारा. तो नसीरुद्दीन शहा. तोवर दोन तास आपणही मनात अमृतचा एक चेहरा रंगवत आलेलो असतो. पडद्यावरचा चेहरा त्याच्या चिंध्या करतो. एवढ्या मोठ्या नटाला बिनशब्दाचा एक क्षण द्यायचा आणि सबंध सिनेमा त्याच्या खुंटीला टांगायचा, हे धाडस लेखकाचं की दिग्दर्शकाचं, यावर आम्ही मित्रांनी धंतोलीच्या एका टपरीवर रात्र घालवली आहे.

दुसरं. निहलानींचाच १९८० चा 'आक्रोश'. पटकथा तेंडुलकरांची. त्यात आदिवासींमध्ये काम करणारा जो कार्यकर्ता आहे, त्या भूमिकेत खुद्द एलकुंचवार आहेत. नाटककार म्हणून त्यांच्यावर पुस्तकं निघाली. पण हा चेहरा दाखवला की आमचे विद्यार्थीसुद्धा चकित होतात. आता दोन्ही शेजारी ठेवून पाहा. 'आक्रोश'मध्ये ज्यानं आदिवासींमधला कार्यकर्ता उभा केला, त्याच्याच नाटकातला कवी आदिवासींकडे निघून जातो. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

मेघना धरमपेठ
सर, 'आक्रोश' मी दोनदा पाहिलाय आणि हे लक्षातच आलं नव्हतं! आज पुन्हा लावते.

कु. तूहल
प्रामाणिक मत: 'पार्टी' मला जड गेला. लोक नुसते बोलत राहतात. अर्ध्यात बंद केला. त्यामुळे शेवटचा चेहरा पाहिलाच नाही.

प्रा. वऱ्हाडी
जड जातोच. ते बोलणं अंगावर येईपर्यंत ऐकावं लागतं, तरच शेवटची शांतता कळते. एकदा सलग बघा, माझी विनंती समजा. नाहीच आवडला तर इथे येऊन लिहा, मी वाद घालणार नाही.

इतवारी
निहलानी आणि नसीर निघालेच आहेत, तर 'अर्धसत्य'मधला माइक लोबो. निलंबित पोलिस, दारूत बुडालेला. नायक वेलणकरला आपलं उद्याचं रूप त्याच्यात दिसतं. सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी सगळ्यांच्या लक्षात राहिला, आणि राहायलाच हवा. पण मला रस्त्यावरचा तो लोबो जास्त छळतो.

निळं आभाळ
माझं उत्तर जरा वेगळं आहे. 'फँड्री'मधली भिंत.

जब्या आणि त्याच्या घरचे पकडलेलं डुक्कर बांबूला टांगून नेत असतात. मागे शाळेची भिंत येते. भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा. कॅमेरा हलत नाही, संगीत भरून येत नाही. माणसं एका बाजूनं आत येतात, भिंतीसमोरून जातात, दुसऱ्या बाजूनं बाहेर. किती सेकंद असतील? त्यात सगळं सांगून झालं.

मुठेकाठची
दृश्य अप्रतिम आहे, वादच नाही. पण भिंतीला भूमिका म्हणायचं का? इथे तर माणसांबद्दल चाललंय.

निळं आभाळ
भिंतीवर माणसंच आहेत ना ताई.

मी दीक्षाभूमीपासून दहा मिनिटांवर वाढलो. अशोक विजयादशमीला आमच्या गल्लीत बाहेरगावची माणसं वस्तीला असायची. आई पहाटे चारला उठून त्यांच्यासाठी पोहे करायची. ही चित्रं मी जन्मल्यापासून पाहतोय. घरात, शाळेत, पंचायतीत, झेरॉक्सच्या दुकानात. इतकी पाहिली की दिसेनाशी झाली होती. 'फँड्री'त त्या चौकटीसमोरून डुक्कर गेलं आणि मला वाटलं, आज हे चौघं आपल्याकडे बघताहेत. म्हणून म्हणतो, ती भूमिका आहे.

आणि माणूसच हवा असेल तर त्याच सिनेमातला चंक्या घ्या. स्वतः नागराज मंजुळे. सायकलच्या दुकानातला, अर्धा शहाणा अर्धा वेडा वाटणारा. जब्याशी बरोबरीनं बोलणारा गावात तो एकटाच मोठा माणूस.

मुठेकाठची
पटलं. भिंत यादीत.

तर्रीपोहे
गाडगेबाबा आपल्या अमरावतीकडचे, तेवढी नोंद करा.

शेवटची रांग
धागा वाचून पहिल्यांदाच लिहितोय. माझं नाव तुम्हाला कुठल्याच श्रेयनामावलीत सापडणार नाही.

'झुंड'चं शूटिंग नागपुरात चालू होतं, २०१८ चा डिसेंबर. अमिताभ आलेत म्हणून अख्खं गाव हललं होतं. आमचे मोठे बाबा तेव्हा सत्तरीचे. एम्प्रेस मिलमध्ये होते, २००२ मध्ये मिल बंद पडली तोवर. त्यानंतर फारसे घराबाहेर पडायचे नाहीत. त्या दिवशी सकाळी स्वेटर घालून, डोक्याला मफलर गुंडाळून निघाले, कुठे ते सांगितलं नाही. संध्याकाळी आले ते तरतरीत. म्हणाले, "मॅच पाहून आलो." आम्हाला वाटलं कुठल्या मैदानावर गेले असतील.

२०२२ च्या मार्चमध्ये सिनेमा आला. घरचे सगळे गेलो. झोपडपट्टीतली पोरं आणि कॉलेजची टीम यांची मॅच चालू होती आणि माझी धाकटी बहीण किंचाळली, "मोठे बाबा!" गर्दीत, लोकांच्या मागे, मरून स्वेटर. तीन सेकंद असतील नसतील. ते आमच्या शेजारीच बसले होते. हसले नाहीत, काही नाही. फक्त म्हणाले, "सांगितलं होतं ना, मॅच पाहून आलो."

पुढच्या वर्षी ते गेले. त्यांचा चालताबोलता दुसरा एकही तुकडा आमच्याकडे नाही. फोटो आहेत, पण हलणारे मोठे बाबा तेवढेच. मोठी आई अजूनही महिन्यातून एकदा म्हणते, "तो पिक्चर लाव ना रे, त्यांचा." अमिताभचा नाही म्हणत, त्यांचा म्हणते.

हे तुमच्या विषयात बसत नसेल तर काढून टाका.

सुलभाताई
बसतं बाळा. सगळ्यात आधी बसतं.

काटोलकर
काढायचं कशाला? धागा वर राहील तो याच्यामुळे.

बंद टॉकीज
मोठ्या आईला नमस्कार सांगा.

तर्रीपोहे
डोयात पाणी आलं ना भाऊ.

'झुंड' निघालाच तर सांगतो, त्यातले पोट्टे बहुतेक नागपूरचेच. ज्यायच्यावर हा पिक्चर हाय, त्या विजय बारसे सरांनी हिस्लॉप कॉलेजमध्ये असताना ज्या पोरायले फुटबॉल दिला, तसेच. म्हणून त्यायचं बोलणं खरं वाटते. नाही तर पिक्चरमधला वैदर्भी माणूस म्हणजे फक्त 'काऊन बे' म्हणाले अन् लोक हासले. आमच्या भाषेत रडताही येते, हे कुणी दाखवत नाय.

यवतमाळची लेक
तर्रीपोहे, शंभर टक्के. म्हणून मला 'गाभ्रीचा पाऊस' जवळचा. २००९ चा, आमच्याकडच्या सतीश मनवरांचा. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला, आता आपला नवरा काय करेल या धास्तीनं बाई पोराला त्याच्या मागे मागे पाठवते. भाषा आमचीच, पण हसण्यासाठी वापरलेली नाही. माझ्या माहेरी एक वर्ष असंच गेलं. बाबा शेतावर निघाले की आजी मला म्हणायची, "जा, पाणी घेऊन जाय त्यायले." तहान कुणालाच नसायची. का पाठवते, ते मला सिनेमा पाहिल्यावर कळलं.

जीव देणारा तो शेजारी या धाग्यातला माणूस समजा. तो कथेतून लगेच जातो, पण सिनेमाभर घरातलं कुणी त्याला विसरत नाही.

इतवारी
याच्या शेजारी 'पीपली लाइव्ह'मधला होरी महतो ठेवा. सगळे कॅमेरे जीव द्यायला निघालेल्या नत्थावर. आणि एक हाडकुळा म्हातारा बाजूला माती खणतो, विकतो, पुन्हा खणतो. एके दिवशी त्याच खड्ड्यात मेलेला सापडतो. त्याची बातमी होत नाही. नाव मुद्दाम प्रेमचंदांच्या 'गोदान'मधलं ठेवलंय.

कु. तूहल
जरा श्वास घेऊ या? माझ्याकडून 'मसान'मधला रेल्वेचा बाबू, पंकज त्रिपाठी. नायिका देवीच्या शेजारच्या खुर्चीवर बसून डबा खातो आणि खिरीची चौकशी करतो. या स्टेशनवर येणं सोपं, इथून निघणं कठीण, असं काहीतरी सहज बोलून जातो. सगळं जळत असलेल्या त्या सिनेमात तो एकटाच माणूस सावलीसारखा आहे. मला असा सहकारी कधी मिळाला नाही, पण असावा असं फार वाटतं.

(आणि प्राध्यापक साहेब, 'पार्टी' रविवारी बघणार आहे. सलग.)

प्रा. वऱ्हाडी
वाट बघतो.

मेघना धरमपेठ
'सैराट'मधलं शेवटचं बाळ कुणीच कसं लिहिलं नाही? पावलं उमटतात आणि आवाज बंद होतो. पंचशीलला पाहिला होता. झिंगाटला खुर्च्यांवर नाचलेलं तेच पब्लिक बाहेर पडताना चपला घासत चाललं होतं, कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

बंद टॉकीज
ते पब्लिक मीही पाहिलंय.

मुठेकाठची
काटोलकर, एक आठवण करून देते. 'दीवार'मधले मास्तर का, ते तुम्ही नंतर लिहिणार होतात. वाचून वाचून डोळे दुखले, तुमचं आलं नाही.

सुलभाताई
हो, मीही तेच शोधत होते.

काटोलकर
लिहितो. दोनदा लिहायला घेतलं आणि पुसलं.

प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. इन्स्पेक्टर रवी पळणाऱ्या पोरावर गोळी झाडतो, जवळ जाऊन पाहतो तर पोरानं पाव चोरलेला. मग तो खायला घेऊन त्यांच्या घरी जातो. पोराची आई खरं कळल्यावर त्याच्यावर तुटून पडते. मोठे चोर मोकळे, आणि एका पावासाठी माझ्या पोराला गोळी? बाप तिला आवरतो. म्हणतो, चोरी ती चोरीच, लहान असो की मोठी. रवीला वाटतं, असं शिक्षकाच्याच घरात ऐकू येतं. आणि हा बाप निवृत्त शिक्षक असतो. तिथून निघाल्यावरच रवी भावाची केस हाती घेतो. हंगल त्या वर्षी 'शोले'तही होते. तिथले इमामसाहेब सगळ्यांना ठाऊक, हे मास्तर कमी लोकांना.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, काटोलजवळच्या एका गावात. कडक. पोरं त्यांच्या सायकलची घंटी ऐकून खेळ सोडून पळायची. मी चौथीत असताना काही कामानं ते मला नागपूरला घेऊन आले होते. काम लवकर झालं आणि बर्डीला जुना 'दीवार' पुन्हा लागला होता. आयुष्यात त्यांनी मला दाखवलेला तो एकच सिनेमा. तिकीट काढताना दोनदा पैसे मोजले, ते आठवतं.

मारामारीला मी टाळ्या वाजवल्या. मास्तरांचा प्रसंग आला तेव्हा मी मान वर करून बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, मास्तर चांगलं बोलले म्हणून बाबा खूश असतील. बाबा पडद्याकडे पाहत नव्हते. खाली पाहत होते.

गणेशपेठच्या स्टँडवरून एस.टी. धरली. कळमेश्वरपर्यंत बोलले नाहीत. मग मला विचारलं, "त्या दोघांतलं कोण बरोबर बोललं रे?" मी अर्थात मास्तर म्हणालो. बाबा म्हणाले, "मास्तर बरोबरच बोलला. पण बाईचंही खोटं नव्हतं." पुढे पुन्हा गप्प.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. आठवड्यापूर्वीच त्यानं दुसऱ्याच्या डब्यातली पोळी चोरून खाल्ली होती आणि बाबांनी त्याला सगळ्या शाळेसमोर छड्या मारल्या होत्या. मी तिथेच रांगेत उभा होतो. एस.टी.त मला तो आठवला नाही, बाबांना आठवला असणार. सोमवारी आईनं विचारलं, "आज दोन डबे कायले?" बाबा म्हणाले, "भूक लागते आताशा." दुसरा डबा रोज रिकामा होऊन यायचा. बाबा जाडे काही झाले नाहीत. तो मुलगा सातवीपर्यंत शाळेत टिकला. मग त्याचे आईवडील संत्र्याच्या बागेतल्या मजुरीसाठी वरुडकडे गेले.

बाबांनी त्याची माफी मागितली की नाही, ते मला माहीत नाही. मीही कधी विचारलं नाही. पण 'दीवार' टीव्हीवर लागला की ते तो प्रसंग येईपर्यंत थांबायचे आणि मग उठून अंगणात जायचे. हंगल पडद्यावर पूर्ण दोन मिनिटं तरी असतील का, मी कधी मोजलं नाही.

निळं आभाळ
आणि त्या आईचं नाव कुणीच घेत नाही. 'दीवार'वर एवढं बोललं जातं, पण तिच्या वाक्याचं उत्तर त्या सिनेमात कुणाकडेच नाही.

काटोलकर
नाही. बाबांकडेही नव्हतं. म्हणून डबा.

शेवटची रांग
काटोलकर काका, मोठ्या आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या मास्तरले सांग, आमच्या यायनं पण मिलमध्ये दोन डबे नेले." आम्हाला घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. आता ती बोलायला लागलीय. मी जरा ऐकतो, मग येतो.